मेम्फिसचे पाळक : बेंजामिन हुक्स

[दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. गणवेशातले तरुण सैनिक.]

दुसरं महायुद्ध चालू आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात इटलीचे युद्धकैदी ठेवलेत. त्यांच्यावर पहारा देतोय अमेरिकी लष्करातला एक तरुण, बेंजामिन हुक्स. तिथल्या हॉटेलांत कैद्यांना बसून जेवता येतं. पहारेकऱ्याला मात्र आत पाऊल ठेवायची परवानगी नाही. कैदी गोरे आहेत, पहारेकरी काळा.

शत्रूच्या सैनिकाला ताट वाढलं जातं आणि स्वतःच्या देशाचा गणवेश घातलेला माणूस दाराबाहेर उभा राहतो. हा अपमान हुक्स यांच्या मनातून कधी गेला नाही.

[दृश्य : मिसिसिपी नदीचा काठ, मेम्फिस शहर.]

३१ जानेवारी १९२५ रोजी टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. आजी ज्युलिया हुक्स पियानो वाजवायची, शिकवायची; ज्या काळात काळ्या मुलीनं कॉलेजात जाणं ही अपूर्वाईची गोष्ट होती, त्या काळात ती पदवीधर झाली होती. बेंजामिनला लहानपणापासून पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचं होतं, पण वडिलांना ते पसंत नव्हतं. मग ती ओढ मनातच राहिली.

लष्करातून सुटल्यावर त्यांनी कायदा शिकायचं ठरवलं. टेनेसीतल्या लॉ कॉलेजांची दारं काळ्यांना बंद होती, म्हणून ते शिकागोला गेले. १९४८ मध्ये डीपॉल विद्यापीठाची पदवी घेतली आणि मेम्फिसला परतले. शिकागोत राहणं सोपं गेलं असतं. त्यांना तेच नको होतं. जिथं अडवलं जातं, तिथंच वकिली करायची होती.

मेम्फिसच्या कोर्टात त्यांना नुसतं 'बेन' म्हटलं तरी नशीब समजायचं, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. एरवी हाक यायची ती 'बॉय' अशी. शिकल्यासवरलेल्या, युद्धावरून आलेल्या वकिलाला 'ए पोरा'!

[दृश्य : रविवारची उपासना. गायनमंडळ उभं आहे.]

१९५६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मनात राहिलेली ती ओढ पुरी झाली. त्यांना दीक्षा मिळाली आणि ग्रेटर मिडल बाप्टिस्ट चर्चची मंडळी, म्हणजे तिथला भक्तसमुदाय, त्यांच्या हाती आली. आता ते वकीलही होते आणि पाळकही. काळ्यांना जेवण न वाढणाऱ्या उपाहारगृहांत ठिय्या देण्याच्या चळवळीत ते उतरले. जॉर्जियातलं ते बंद दार आठवा, म्हणजे ही लढाई त्यांच्या किती जिव्हाळ्याची होती ते कळेल.

१९६५ मध्ये गव्हर्नर फ्रँक क्लेमेंट यांनी त्यांना फौजदारी न्यायालयाचं न्यायाधीशपद दिलं. टेनेसीत या पदावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. ज्या शहराच्या कोर्टात 'बॉय' ऐकलं, तिथंच आता ते आत आले की सगळं कोर्ट उठून उभं राहायचं. मला त्याहून मोठं वाटतं ते हे की, न्यायासन मिळालं म्हणून त्यांनी उपदेशपीठ सोडलं नाही.

पुढे पदं येत गेली. १९७२ मध्ये रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या, संघराज्याच्या दळणवळण आयोगाचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य. १९७७ पासून १९९२ पर्यंत एनएएसीपी या देशातल्या जुन्या नागरी हक्क संघटनेचे प्रमुख. मग पुन्हा मेम्फिस, पुन्हा तीच मंडळी. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्य पदक मिळालं, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. १५ एप्रिल २०१० रोजी, ८५ व्या वर्षी, मेम्फिसमध्येच त्यांनी देह ठेवला.

[दृश्य : ग्रंथालयाची काचेची इमारत.]

मार्च १९६० मध्ये मेम्फिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात काही कृष्णवर्णीय विद्यार्थी वाचायला बसले. ग्रंथालय गोऱ्यांचं होतं. पोलिसांनी त्यांना अटक केली. त्यात लमॉइन कॉलेजचे विद्यार्थी होते. हुक्स त्याच कॉलेजात शिकलेले.

आज मेम्फिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयावर नाव आहे : बेंजामिन एल. हुक्स.