दहाव्या क्रमांकाची किंमत

मित्रहो, १३ नोव्हेंबर २०१६, रविवार. ब्राझीलमध्ये इंटरलागोसच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत होती आणि पाऊस कोसळत होता. लाल झेंडा दाखवून शर्यत दोनदा थांबवावी लागली. सगळ्यांचे डोळे अजिंक्यपदासाठी झुंजणाऱ्या हॅमिल्टन आणि रोझबर्गवर होते, आणि मागून एकेकाला गाठत येणाऱ्या तरुण व्हेरस्टॅपनवर. माझी नजर मात्र नवव्या जागेवर होती. तिथं साउबर संघाचा फेलिपे नास्र होता, ब्राझीलचाच पोरगा. त्या मोसमात साउबरच्या खात्यात तोवर एकही गुण नव्हता. नास्रनं नववी जागा शेवटपर्यंत सोडली नाही आणि साउबरला दोन गुण मिळाले.

मॅनर नावाच्या एका छोट्या इंग्लिश संघाकडं त्या वर्षी एकच गुण होता. पास्काल वेरलाइननं ऑस्ट्रियात दहावा येऊन तो मिळवला होता, आणि त्याच्या जोरावर मॅनर संघांच्या यादीत दहावा होता. इंटरलागोसनं त्याला अकरावा केला. त्या काळच्या करारांत बक्षिसाच्या रकमेचा मोठा वाटा पहिल्या दहा संघांनाच मिळे. जानेवारी २०१७ मध्ये मॅनर दिवाळखोरीत निघाला. दहावा क्रमांक राखणं अत्यावश्यक होतं आणि ब्राझीलच्या शर्यतीनं ती आशा संपवली, असं मालकानं आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतः कळवलं. दोनशेच्या वर माणसांची नोकरी गेली. नास्रलाही पुढच्या मोसमात साउबरमध्ये जागा उरली नाही. त्याच्या जागी कोण आला? तोच वेरलाइन.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण फॉर्म्युला वनमध्ये दोन अजिंक्यपदं असतात हे आपण जाणतो आणि त्यातलं एकच पाहतो. चालकाचं अजिंक्यपद टीव्हीवर दिसतं. संघाचं अजिंक्यपद, ज्याला कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप म्हणतात, ते कारखान्यात जगलं जातं. कन्स्ट्रक्टर म्हणजे गाडी बांधणारा. पहिल्याला पंचवीस, दुसऱ्याला अठरा, असं उतरत दहाव्याला एक गुण. दोन्ही गाड्यांचे गुण एकत्र करायचे आणि वर्षभर मांडत जायचे. हिशेब एवढाच. पण याच हिशेबावर पुढच्या वर्षीचा पगार, यंत्रं, माणसं ठरतात.

सुरुवातीला तोही असा नव्हता. चालकांचं अजिंक्यपद १९५० पासूनचं, संघांचं १९५८ पासून. १९७८ पर्यंत प्रत्येक शर्यतीत संघाच्या एकाच, सर्वांत पुढं आलेल्या गाडीचे गुण धरत. १९७९ पासून दोन्ही गाड्यांचे धरू लागले. माझ्या मते या खेळातला सर्वांत न्याय्य बदल हाच. दुसरी गाडीही त्याच माणसांनी रात्री जागून बांधलेली असते.

पहिला मान मिळाला तो व्हॅनवॉलला. टोनी व्हँडरवेल हे बेअरिंग बनवणारे इंग्लिश उद्योजक. त्यांच्या गाड्यांनी १९५८ मध्ये सहा शर्यती मारल्या, तीन स्टर्लिंग मॉसनं आणि तीन टोनी ब्रूक्सनं. चालकाचं अजिंक्यपद मात्र फेरारीच्या माइक हॉथॉर्ननं मॉसपेक्षा फक्त एक गुण जास्त मिळवून नेलं. दोन याद्यांची वाट पहिल्याच वर्षी वेगळी झाली. पण व्हॅनवॉलला आनंद करायला वेळ मिळालाच नाही. मोरोक्कोतल्या शेवटच्या शर्यतीत त्यांचा तिसरा चालक स्टुअर्ट लुईस-इव्हान्स गाडीला लागलेल्या आगीत भाजला आणि सहा दिवसांनी गेला. जानेवारीत व्हँडरवेल यांनी संघ मागे घेतला.

आता मोनॅको, २०१४. मारुसिया हा त्याच मॅनरचा आधीचा अवतार. पाचवा मोसम चालू होता आणि खात्यावर शून्य. मोनॅकोच्या त्या अरुंद रस्त्यांवर ज्यूल्स बियांकी मागच्या रांगेतून निघाला आणि आठवा पोहोचला. पाच सेकंदांच्या शिक्षेमुळं नववा धरला गेला. संघाच्या साऱ्या आयुष्यातले पहिले दोन गुण! ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या सुझुकाच्या पावसात बियांकीचा भीषण अपघात झाला. पुढच्या जुलैत, पंचविसाव्या वर्षी, तो गेला. तो बेशुद्ध असतानाच संघाचे पैसे संपले आणि शेवटच्या तीन शर्यतींना गाड्या आल्याच नाहीत. तरी यादीत मारुसिया नववा राहिला, साउबरच्या वर, कारण साउबरकडं शून्य होते. त्या नवव्या क्रमांकाला बक्षिसाचे पैसे होते. त्यांच्या आधारानं संघ २०१५ मध्ये मॅनर नावानं पुन्हा उभा राहिला. एका मुलाच्या दोन गुणांवर शेकडो माणसांनी आणखी दोन मोसम काम केलं. हे सांगताना मला आजही थांबावं लागतं.

आता आपल्या घरचा विषय. फोर्स इंडिया. नावात देश, मालकी भारतीय, कारखाना इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनचा. २००८ मध्ये आला तेव्हा शेवटच्या रांगेतला संघ होता. २०१६ आणि २०१७ मध्ये थेट चौथा. त्याच्या पुढं होते मर्सिडीज, फेरारी आणि रेड बुल. मुंबईचा चालक जेहान दारूवाला याला कोवळ्या वयात याच संघाच्या निवड मोहिमेतून संधी मिळाली, हेही त्याचं आपल्यावरचं ऋण.

२०१८ च्या जुलैत संघ दिवाळखोरीत गेला. लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटानं तो विकत घेतला आणि चारशेच्या आसपास माणसांच्या नोकऱ्या वाचल्या. पण कायद्यानं हा नवा संघ ठरला, त्यामुळं आधीचे ५९ गुण पुसले गेले. इतर संघांनी संमती दिल्यानं बक्षिसाचे पैसे राहिले, गुण गेले. ऑगस्टअखेरीस बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर हा संघ शून्यावर उभा होता. त्याच गुलाबी गाड्या, तेच मेकॅनिक. संघाचे दोन चालक ओकॉन आणि पेरेझ. पात्रता फेरीत ओकॉन तिसरा, पेरेझ चौथा. शर्यतीत पेरेझ पाचवा, ओकॉन सहावा. एका दुपारी अठरा गुण!

वर्षअखेर त्यांच्या खात्यावर ५२ गुण होते, क्रमांक सातवा. चालकांच्या यादीतले गुण मात्र कुणी पुसले नव्हते. पेरेझ ६२, ओकॉन ४९. बेरीज १११. संघांच्या यादीत पाचव्या आलेल्या हास संघाकडं होते ९३.

नियमावर बोट ठेवणारे म्हणतात, प्रवेश नवा म्हणजे खातं नवं. मला ते पटत नाही. मालक बदलला होता, गाडी बदलली नव्हती. त्याच मोसमात आधी अझरबैजानमधल्या बाकूला पेरेझ तिसरा आला तेव्हा ज्या हातांनी त्याचं चाक बदललं, त्याच हातांनी स्पालाही बदललं. अजिंक्यपद जर गाडी बांधणाऱ्याचं असेल, तर ते ५९ गुण कंपनीच्या कागदाला नव्हे, सिल्व्हरस्टोनच्या त्या कारखान्याला मिळालेले होते. पुन्हा कुठला संघ असा बुडता बुडता वाचला, तर त्याचे गुण त्याच्याकडंच राहावेत, अशी तरतूद नियमपुस्तकात हवी.