फॉक्सप्रोमधून बाहेर पडताना: पतसंस्थेचा डेटा कुठे फसतो?

नमस्कार मंडळी. सांगली-मिरजेच्या एखाद्या जुन्या पतसंस्थेत गेलात, तर मागच्या टेबलावर काळा स्क्रीन अजून दिसतो. फॉक्सप्रो, म्हणजे नोंदी ठेवायचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर! विंडोजच्या आधीच्या डॉसवरचं तर सोडाच, शेवटच्या व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा सपोर्टही मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये थांबवला. डॉसच्या काळातला सोळा-बिटी प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर थेट उघडतच नाही. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवाल, पण मग पासबुक प्रिंटर रुसतो.

त्यात आपली कृष्णामाई. २००५, २०१९, २०२१ चे पूर आठवा, आणि सगळे खातेदार तळमजल्यावरच्या एकाच पीसीत. हलवायलाच हवं.

नवा प्रोग्राम लिहून मिळतो हो. घोळ होतो डेटात.

डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फाइलमध्ये रेकॉर्ड (एक नोंद) डिलीट केला तरी तो जात नाही. त्याच्या पहिल्या बाइटमध्ये फक्त एक स्टार पडतो. ‘पॅक’ कमांड देईपर्यंत माहिती जागच्या जागी. जुना प्रोग्राम असे रेकॉर्ड लपवतो. नवं टूल तो स्टार बघत नसेल, तर राजीनामा दिलेले सभासद थेट लाभांशाच्या यादीत हजर!

दुसरं, मराठी नावं. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या प्रमाण अक्षर-कोडच्या, आधीच्या बऱ्याच फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात.

[स्क्रीनवर: मिरज, कर्नाळ]

‘मिरज’मधली वेलांटी फाइलमध्ये ‘म’च्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. ‘कर्नाळ’मधल्या रफाराचं नेमकं उलटं. शिवाय प्रत्येक फॉन्टचे कोड वेगळे. त्यामुळे आधी फॉन्ट ओळखा, मगच कन्व्हर्टर. निदान हजारभर नावं माणसाने वाचून तपासावीत, असं माझं मत. इथे घाई केली की केवायसी जुळत नाही.

आणि व्याज. जुना प्रोग्राम दरमहा रुपयात राउंड करत असेल आणि नवा वर्षाअखेरीला, तर शिल्लक जुळणार नाही. हा नियम ठरावात सापडेलच असं नाही, जुन्या कोडमध्ये शोधा. कोड लिहिणारे काका अजून गावात असतील, तर चहाला बोलवा!

दोन्ही सिस्टीम समांतर चालवा, रोज तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, जुळवा. एक सहामाही व्याज आकारणी दोन्हीकडे होऊ द्या, मगच जुनी बंद. मार्चमध्ये मात्र हात घालू नका, वसुली आणि ऑडिटच्या गडबडीत कोण बघणार?

कॉपी घेताना डीबीएफसोबत एफपीटी फाइलही घ्या, मेमोतला, म्हणजे लांब शेऱ्यांच्या रकान्यातला, मजकूर तिच्यात असतो. तुमच्याकडे कुठला फॉन्ट आहे ते कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत कन्व्हर्टर चालवून दाखवतो.