उंदीर बियात राहतो

(खानदेशातल्या यावल तालुक्यात अंगणवाडी ताई आणि प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

ताईंनो, गुरुजनहो,

दुसरीत असताना माझा एक गुण गेला, तो मी अजून विसरलेलो नाही. तोंडी परीक्षा होती. बाईंनी विचारलं, "उंदीर कुठे राहतो?" मी उभा राहून ठणठणीत सांगितलं, "बियात." बाई नव्या होत्या, पुण्याकडच्या. त्या म्हणाल्या, "बियात? म्हणजे बियाण्यात?" आणि वर्ग हसला. खरं तर वर्गाला हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. सगळ्यांच्याच घरी उंदीर बियात राहत होता.

आपल्याकडे ळ चा य होतो. शाळेची शाया, डोळ्याचा डोया, केळीची केय. तसं बिळाचं बीय. बाईंची चूक नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण बिळाबद्दल त्या वर्गात सगळ्यात जास्त माहिती मला होती, आणि गुण माझाच गेला. आमच्या ज्वारीच्या शेतात बापू संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं चिखलानं बुजवायचे. सकाळी मला घेऊन फेरी मारायचे. जे तोंड पुन्हा उकरलेलं, तिथं उंदीर आहे. जे तसंच बुजलेलं, ते रिकामं. तोंडाशी ओली भुसभुशीत माती दिसली की मालक घरी आहे आणि कामात आहे, असं ते म्हणायचे. हे सगळं मला येत होतं. फक्त ळ येत नव्हता.

म्हणून माझी पहिली विनंती: पोरगं 'बिय' म्हणालं तर आधी विचारा, "कुठं पाहिलंस? कसं असतं?" त्याला बोलू द्या. मग फळ्यावर 'बीळ' लिहा आणि सांगा, पुस्तकात असं लिहितात. दोन शब्द आले तर बिघडत नाही. पोरांच्या डोक्यात जागा भरपूर असते.

आता प्राण्यांच्या घरांची ती आपली नेहमीची यादी. गाईचा गोठा, घोड्याचा तबेला, कोंबडीचं खुराडं, मधमाशीचं पोळं, सिंहाची गुहा. पोरं एका सुरात म्हणतात, ऐकायला गोड वाटतं. पण सिंहाची गुहा पाहिलीय कोणी? आपल्या देशात रानातला सिंह उरलाय तो गुजरातेत, गीर आणि त्याच्या आसपास, आणि तिथं तो झाडाझुडपांच्या सावलीत पसरलेला असतो. वाघाचं तर आपल्याकडे वेगळंच. मुक्ताईनगरच्या डोलारखेडा-वडोदा भागातल्या पोराला विचारा वाघ कुठं असतो. ते म्हणेल, केळीच्या बागेत. तिकडच्या वाघांना केळीची दाट, गार, ओली बाग मानवते. आता या उत्तराला तुम्ही गुण देणार की कापणार?

सगळ्यात जास्त गोंधळ वारुळाचा. यादीत कधी 'मुंग्यांचं वारूळ' असतं, कधी 'सापाचं वारूळ'. बांधते तिसरीच. ते बांधकाम वाळवीचं, जिला आपण उधई म्हणतो. माती आणि लाळ कालवून कण कण रचते. आत नुसत्या खोल्या नसतात, बुरशीची शेतीसुद्धा असते. वाळवी ती बुरशी वाढवते आणि खाते. पावसाळ्यात वारुळावर छत्र्या उगवतात ना, त्या तिच्याच शेतातल्या. साप तिथं येतो तो भाडेकरू म्हणून, तेही भाडं न देता. आत गारवा असतो, उंदीर-बेडूक सापडतात. नागपंचमीला आपल्या बाया वारुळाला दूध-लाह्या वाहतात. वाहू द्या, त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात एवढं विचारा, की घर बांधलं कोणी आणि राहतं कोण? तेवढ्या एका प्रश्नावर तासभर निघून जातो.

यादीत न बसणारे मुद्दाम घ्या. टिटवी घरटं बांधतच नाही. उघड्या रानात चार खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी घालते. म्हातारी माणसं तिनं अंडी उंचावर घातली की खोलगट जागी, त्यावरून पाऊस ठरवतात. कोकिळेला तर घरच नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडी टाकून मोकळी. शिंपी पक्षी दोन पानं कापसाच्या तंतूनं शिवतो. माझ्या परसात वांग्याच्या पानात शिवलं होतं, म्हणून त्या वर्षी त्या झाडाचं भरीत झालं नाही.

आता जरा थांबून एक गोष्ट सांगतो, ती आपल्याच मुलखातली आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. 1873 साली ॲलन ह्यूम यांनी, म्हणजे पुढं काँग्रेसच्या स्थापनेत होते तेच ह्यूम, त्याचं वर्णन छापलं. नंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याचे नमुने जमवले. 1884 नंतर मात्र तो कोणाच्या हाती लागला नाही. मग मायनर्ट्झहागेन नावाच्या एका कर्नलनं सांगितलं की 1914 साली मला तो गुजरातेत मांडवीजवळ मिळाला. कर्नल मोठा माणूस, लोकांनी विश्वास ठेवला. पक्षीतज्ज्ञ त्या पत्त्यावर जाऊन शोधायचे आणि हात हलवत परत यायचे.

पुढं पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी संग्रहालयातला तो पक्षी बारकाईनं तपासला, तेव्हा लबाडी उघडी पडली. तो डेव्हिडसनचाच पक्षी होता. कर्नलनं तो लांबवून त्याच्या पायाला नवी चिठ्ठी बांधली होती. बाईंनी तो पत्ता बाद केला आणि जुन्या खऱ्या पत्त्यांवर शोध सुरू केला. नोव्हेंबर 1997 मध्ये त्यांना, बेन किंग यांना आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा दिसला. कुठं? आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. एकशेतेरा वर्षं तो नाहीसा झालाय असं जग समजत होतं आणि तो इथंच बसला होता, सागाच्या रानात, जुन्या झाडाच्या ढोलीत. तेही दिवसाउजेडी! कारण रानपिंगळा दिवसा शिकार करतो. आपण पोरांकडून घोकून घेतो, "घुबड रात्री जागते." त्या रानातलं पावरा किंवा भिल्ल पोरगं तुमच्या वर्गात बसलं असेल आणि म्हणालं, "गुरुजी, आमच्याकडचं दिवसा फिरतं," तर लगेच "चूक" म्हणू नका.

ढोली हा शब्द मात्र यादीत घाला, बहुतेक याद्यांत तो नसतो. पोपट, पिंगळा, धनेश, सगळे ढोलीतले. पण ढोली पडायला झाड जुनं व्हावं लागतं, हे पोरांना झाडाखाली उभं करूनच कळतं.

चिमणीचंही बघा. पुस्तकात चिमणीचं घरटं फांदीवर काढलेलं असतं. आपल्या धाब्याच्या घरात चिमणी कुठं राहायची? तुळई आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. नाहीतर आजोबांच्या फोटोमागं. काड्या खाली पडायच्या, आजी रोज झाडायची, रोज शिव्या द्यायची आणि कधीच घरटं काढू द्यायची नाही. आता स्लॅब आला. स्लॅबला फट नाही. माझ्या घरी ती विजेच्या मीटरच्या पेटीमागं राहते. नातवानं वहीत लिहिलं, "चिमणीचे घर – मीटर." मी त्याला बरोबरची खूण केली. त्याच्या बाईंनी ती खोडली असेल, मी विचारलं नाही.

राहिली सुगरण. खोपा म्हटलं की तुमच्या ओठावर काय येतं ते मला माहीत आहे, ते आज मी म्हणत नाही. एवढंच सांगतो, की नाव बाईचं असलं तरी विणणारा नर असतो. पावसाळ्यात डोकं पिवळंजर्द करून हिरव्या पात्यांच्या चिंध्या ओढून आणतो आणि खोपा अर्धा विणून थांबतो. त्या वेळी तो टोपीसारखा दिसतो, मधे एक आडवा झुला. मग मादी येते, आत बसून बघते. पसंत पडला तर पुढं नळी विणायची. नाही पडला तर ती उडून जाते आणि टोपी तशीच लोंबत राहते.

शाळेमागच्या विहिरीवर बाभळीला पाच खोपे आहेत, सकाळी मी मोजलेत. चहा तिकडंच मागवलाय. पोरांनाही बोलवा. त्यांतले नापसंत झालेले कोणते, ते त्यांनी सांगायचं, आपण ऐकायचं. आणि विहिरीला कठडा नाही, तेव्हा लहानांचा हात धरा.