स्प्रिंट ठरतो, मग सेल्सचा फोन येतो

(दृश्य: फळ्यावर कामांच्या चिठ्ठ्या. एक हात मधेच नवी चिठ्ठी चिकटवतो.)

सोमवारी सॉफ्टवेअर टीमचं दोन आठवड्यांचं काम, म्हणजे एक स्प्रिंट, ठरलं. बुधवारी सेल्सचा निरोप आला : मोठा ग्राहक सही करायला तयार आहे, फक्त रिपोर्टमध्ये त्यांना एक जादा कॉलम हवाय. शुक्रवारपर्यंत.

पाच-सात जणांच्या कंपनीत याला ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू’ असं उत्तर देता येत नाही. त्या सहीवर पुढच्या महिन्याचे पगार अवलंबून असतात.

२००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि अजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने, बदल सामावून घेत बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा तयार झाला. ठरलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं जास्त मोलाचं, असं त्यात म्हटलंय. सेल्सवाल्यांना नेमकं एवढंच पाठ असतं! डेव्हलपर स्क्रम गाइडकडे, म्हणजे स्प्रिंट पाडून काम करण्याच्या ‘स्क्रम’ पद्धतीच्या नियमपुस्तिकेकडे, बोट दाखवतात : स्प्रिंटच्या उद्दिष्टाला धक्का लागेल असा बदल मधे करायचा नाही. दोघंही बरोबर, म्हणून वाद मिटत नाही.

त्याच गाइडमधलं एक कलम मात्र दोघंही वाचत नाहीत. कामांचा क्रम प्रॉडक्ट ओनर ठरवतो, आणि तो एकच माणूस असतो, समिती नव्हे. छोट्या कंपनीत ही खुर्ची एक तर रिकामी असते, नाहीतर तिच्यावर तिघं बसलेले असतात. रोजची १५ मिनिटांची बैठक होते, कामाच्या आकाराचे पॉइंट मोजले जातात, पण आज काय मागे पडणार हे कुणीच बोलत नाही. बाकीचे सोपस्कार गाळले तरी चालतील. हे गाळून चालत नाही.

(दृश्य: स्क्रीनवर कोड.)

आता तो कॉलम. हातात दोन दिवस, म्हणून डेव्हलपर सरळ कोडमध्येच अट घालतो : ग्राहक अमुक असेल तर हा कॉलम दाखव. टेस्ट, म्हणजे हा कोड तपासणारा कोड, लिहिली जात नाही. डेमो झकास होतो. मग दुसऱ्या ग्राहकासाठी दुसरी अट, तिसऱ्यासाठी तिसरी. पुढे कधी रिपोर्टची रचनाच बदलायची वेळ आली, की प्रत्येक अट उकरून पाहावी लागते, आणि ती का घातली हे माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२मध्ये याला कर्जाची उपमा दिली. कर्ज काढूच नका, असं ते म्हणत नव्हते. थोड्या कर्जाने कामाला वेग येतो, फक्त ते वेळेत फेडायचं.

ज्यांना एकाच वेळी जुन्या ग्राहकांच्या तक्रारी आणि नवं काम सांभाळायचंय, त्यांना काटेकोर स्प्रिंटपेक्षा कानबान ही पद्धत जास्त सोसते. तिच्यात हातातल्या कामांना मर्यादा घालायची. नवी चिठ्ठी आत आली की एक बाहेर, आणि कुठली बाहेर काढायची हे मागणाऱ्यानेच सांगायचं. एरवी ‘सगळंच अर्जंट’ म्हणणारा माणूस इथे चटकन थबकतो.

राहिला ठरलेल्या रकमेचा करार. तारीख आणि पैसे पक्के असतील, तर कामांची यादी तरी सैल ठेवावी लागते. तिन्ही आवळलं की टेस्टिंग कापलं जातं. आणि ती घाईची अट काढून तिथे नीट सेटिंग बसवायला जो वेळ लागणार, तो ग्राहकाला पाठवायच्या कोटेशनमध्येच धरायचा, सही व्हायच्या आधी.