पाटीमागचा मुलगा

[दादरचा पूल, संध्याकाळ]

साडेसहा वाजलेत. लोकल आली की जिन्यावरून डोकीच डोकी वर येतात.

[लॅपटॉपचा पडदा, चित्र थांबलेलं]

तीच गर्दी. प्रत्येकाभोवती हिरवी चौकट. डावीकडे फुलांची पाटी घेतलेल्या मावशी, त्यांना चौकट आहे. त्यांच्या खांद्याआडून चष्मा दिसतोय तो मुलगा. त्याला नाही.

संगणकाला तो दिसला होता. मग खोडला गेला.

चित्रात माणसं शोधणारा हा प्रोग्राम एकेका माणसाभोवती आधी ढीगभर चौकटी काढतो. सगळ्यांत खात्रीची ठेवतो आणि तिच्यावर बरीचशी चढलेली दुसरी म्हणजे तोच माणूस पुन्हा, असं धरून ती पुसतो. या छाटणीचं नाव नॉन-मॅक्सिमम सप्रेशन. मोकळ्या रस्त्यावर चोख चालते. दादरला चौकटीवर चौकट चढली की तिथे बहुधा दोन माणसं असतात.

2005 मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी माणूस शोधायची गाजलेली रीत मांडली. 64 बाय 128 पिक्सेलच्या खिडकीत कडा कुठे झुकतात ते मोजायचं, त्यातून खांदे-पाय उमटतात. पण खिडकीत अख्खा, उभा माणूस हवा. इथे अख्खा माणूस दिसतो कधी?

[माउसवरचा हात, जवळून]

हा हात बघा. यंत्राला माणसं शोधायला शिकवण्यासाठी 2018 मध्ये आलेल्या ‘क्राउडह्युमन’ या चित्रसंग्रहात एका फोटोत सरासरी 22 हून जास्त माणसं आहेत. प्रत्येकाला तीन चौकटी : डोकं, दिसतं तेवढं अंग आणि पूर्ण शरीर. तिसरी अंदाजाने. आमच्या दादरच्या चित्रांवर ही मुलगी तेच करतेय. डोकं पकडलं, चौकट खाली ओढली, थबकली. जिन्याची पायरी बघितली आणि अजून बोटभर खाली नेली. पाय तिथेच असणार. यंत्राची नजर म्हणतात ती ही. शोधनिबंधावर या हाताचं नाव नसतं.

[पूल, वरून]

29 सप्टेंबर 2017 ला इथून जवळच, एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. गर्दीची मोजणी हवी ती यासाठी. कॅमेऱ्यातून चेहरेही ओळखता येतात, तो वेगळा विषय.

[पुन्हा लॅपटॉप]

आता छाटणी सैल केली. चौकट पुसायची नाही, तिचे खात्रीचे गुण फक्त कमी करायचे. चष्मेवाल्याला चौकट मिळाली. मागच्या जाहिरातीतल्या नटालाही.