लॉ कॉलेजची लायब्ररी वरच्या मजल्यावर नेताय? आधी स्लॅब तपासा

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, शिरपूर, सगळीकडून सध्या एकच विचारणा चालू आहे: "भाऊ, लॉ कॉलेज वाढवतोय. वरच्या दोन वर्गांमधली भिंत काढतो, मोठा हॉल करतो आणि लायब्ररी तिथे नेतो. चालेल ना?"

बाकीचं पटापट सांगतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी, रंग शेवटी. रॅम्पला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी. मूट कोर्ट, म्हणजे पोरांच्या सरावाचं खोटं कोर्ट, रस्त्याच्या बाजूला नको. मधली भिंत भार घेते का, हे बघितल्याशिवाय तिला घण लावू नका. झालं.

आता लायब्ररी. आयएस ८७५, म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणारं भारतीय मानक, त्याप्रमाणे वर्गखोलीच्या स्लॅबला चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरतात. पुस्तकांच्या रॅकची खोली असेल तर ६०० किलो, तोही रॅक २.२ मीटर उंचीपर्यंत. त्याच्या वर दर मीटरला आणखी २०० किलो. १० बाय ८ मीटरचा हॉल घ्या. वर्ग म्हणून २४ टन, लायब्ररी म्हणून ४८ टन. स्लॅब तोच, लोखंड तेच!

एका दादांची कमेंट आहे, "तिथे साठ पोरं बसायची, तेव्हा कुठे काय झालं?" दादा, साठ पोरं, साठ-साठ किलोची धरा. साडेतीन टनच झाले की. आणि पोरं संध्याकाळी घरी जातात. पुस्तकं रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तिथेच. काँक्रीटवर सततचा भार राहिला की ते हळूहळू वाकत जातं. म्हणून पहिल्या वर्षी काही दिसत नाही आणि सगळे निर्धास्त होतात.

एका कॉलेजात, नाव घेत नाही, खालच्या वर्गाचं दार लागेना म्हणून मला बोलावलं. सुतार आधीच रंधा मारून गेलेला. मी छताखाली दोन्ही टोकांना सारखे ठोकळे धरून सूत ताणलं. टोकाला ठोकळ्याएवढी जागा, मधोमध बोटही शिरेना. म्हणजे स्लॅब मधे खाली वाकलेला. वर गेलो, तर बरोबर त्याच जागी एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टर, कोर्टाच्या निकालांचे) बांधीव खंड, छताला टेकलेल्या रॅकमध्ये. खाली पोरं बसलेली होती हो! त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

हल्ली तर कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकणारे रॅक घेतात. "जागा वाचते," म्हणतात. जागा वाचते कारण मधल्या वाटा जातात आणि तिथेही पुस्तकं येतात. म्हणजे भार ६०० च्याही पुढे. वर्गाच्या स्लॅबवर कॉम्पॅक्टर? नाही म्हणजे नाही.

"आता सगळं ऑनलाईन आहे, जुनी पुस्तकं रद्दीत द्या," असंही लिहितात. ई-एससीआर या सरकारी साइटवर सुप्रीम कोर्टाचे निकाल फुकट मिळतात, खरंय. पण १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता लागू झाली, त्याच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले अजून भादंविखालीच चालतात. ती पुस्तकं लागणारच. आणि चोपडा-यावलहून एसटीने येणाऱ्या पोरीला महागडी टीकापुस्तकं विकत घेणं परवडत नाही. तिच्यासाठी तर लायब्ररी आहे.

मग करायचं काय? नवी विंग बांधताच आहात, तर लायब्ररी तिच्या तळमजल्यावर ठेवा, वर्ग वर. जोतं उंच घ्या, पाया भरतानाच उधईचं औषध मारून घ्या. वाचनकक्षाच्या खिडक्या उत्तरेला. भुसावळ-जळगावचं पंचेचाळीस अंशांचं पश्चिमेचं ऊन पुस्तकांनाही सोसत नाही आणि पोरांनाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जुनी आणि नवी इमारत एकमेकींना जखडू नका, मध्ये जॉइंट सोडा.

तरीही वरच न्यायची असेल, तर जुनी ड्रॉइंग शोधा. नसतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काँक्रीट तपासून घ्या, कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून घ्या, आत लोखंड किती आहे ते मशीनने बघून घ्या. रिपोर्टात नुसतं "स्लॅब चांगला आहे" असं आलं तर परत पाठवा. चौरस मीटरला किती किलो, तो आकडा सहीनिशी मागा. तो हातात येईपर्यंत वर एकही रॅक चढवू नका.