आयुष्मान कार्ड नाही म्हणून बीपीची गोळी बंद? असं करू नका!

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतेय. आज फक्त आयुष्मानचं कार्ड, म्हणजे सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेचं कार्ड, आणि गावातला सरकारी दवाखाना, ह्या दोघांची लोक जी गल्लत करतात ना, ती सोडवूया.

आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात, सांवेरकडच्या एका गावातून, रोज बसने. मागच्या महिन्यात ओट्यापाशीच चक्कर येऊन खाली बसल्या, बीपी बघितलं तर 180 च्या वर. म्हटलं मावशी, गोळी घेतली नाही? तर म्हणे कार्ड बनायचंय ना अजून, मशीनवर अंगठा लागत नाही, कार्ड आलं की गोळ्या फुकट मिळतील म्हणून थांबलेय. तीन महिने थांबल्या होत्या! मला रडूच आलं, कारण त्या गोळीला कार्ड लागतच नाही.

आता नीट ऐका. कार्डावरचे 5 लाख, म्हणजे अख्ख्या कुटुंबाला मिळून वर्षाला 5 लाख, ते दवाखान्यात भरती झाल्यावर. ऑपरेशन, मोठा आजार, भरतीच्या आधीचे 3 दिवस आणि सुट्टी झाल्यावरचे 15 दिवस, आणि आजार जुना असला तरी चालतो. पण नुसतं ओपीडीत दाखवलं, खोकल्याचं औषध घेतलं, तर ते ह्यात येत नाही.

आणि गावातला उपकेंद्राचा दवाखाना, त्याच्या बोर्डावर पण आयुष्मानच लिहिलंय, आयुष्मान आरोग्य मंदिर! 2023 मध्ये नाव बदललं, आधी हेल्थ अँड वेलनेस सेंटर होतं. मग माणसाला वाटणारच की कार्ड दाखवल्याशिवाय आत घेणार नाहीत. तसं नाहीये हो. साधारण 5000 वस्तीमागे एक असं हे केंद्र असतं, तिथे सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर बसतात, बीपी-शुगर मोजतात, तिशीच्या पुढच्यांची तोंडाच्या, स्तनाच्या कॅन्सरची तपासणी करतात, गोळ्या देतात, गरज पडली तर फोनवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात, आणि ह्याचे पैसे लागत नाहीत.

कार्ड बनवूच नका असं मी म्हणत नाहीये, जरूर बनवा, बीपीकडे दुर्लक्ष करून उद्या लकवा मारला तर तेच कामी येईल. अंगठा लागत नसेल तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवा, चेहरा दाखवूनही होतं. घरात 70 किंवा त्यापुढचं कोणी असेल तर त्यांचं ‘वय वंदना’ नावाचं आयुष्मान कार्ड बनतं, त्याला कमाईची अट नाही, ऑक्टोबर 2024 पासून सुरू आहे. आणि भरती व्हायच्या आधी 14555 वर फोन करून विचारा, हा दवाखाना योजनेत आहे का, ह्या ऑपरेशनसाठी आहे का, दोन्ही विचारा, कारण काही दवाखाने ठरावीक आजारांसाठीच असतात आणि ऐनवेळी लोकांची फार पळापळ होते.

मावशी आता गावातूनच गोळ्या घेतात, परवा बीपी 140 होतं. जाताना आपल्या सासूबाईंनाही घेऊन गेल्या होत्या, त्यांची शुगर आयुष्यात पहिल्यांदा मोजली गेली, जास्त निघाली, औषध त्याच दिवशी सुरू झालं.